फराळाच्या व्यवसायाचं पुढच्या वर्षांचं नियोजन एक्सेलमध्ये कसं बांधायचं?

भाजणीवाली

नमस्कार मंडळी. संगमनेरला आमचा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. वर्षभर भाजणी, चिवडा, मेतकूट चालू असतं. दिवाळीत चकली, बेसनाचे लाडू, शंकरपाळे, करंज्या, अनारसे. आता मोठी जागा आणि दोन यंत्रं घ्यायची आहेत, त्यासाठी कर्ज लागणार. बँकेने पाच वर्षांचे अंदाज मागितलेत. एका ओळखीच्यांनी एक तयार तक्ता दिला. त्यात पहिल्या वर्षाची विक्री टाकली की पुढची चार वर्षं दरवर्षी १५ टक्के वाढवून आपोआप येतात. खर्चही तसेच वाढतात आणि शेवटी नफा दिसतो.

तक्ता भरून झाला, पण त्यातून मला काहीच कळलं नाही. तेल महागलं तर काय होईल, हे तो सांगत नाही. ऑक्टोबरमध्ये हातात किती पैसे लागतील, तेही नाही. मला हे स्वतः बांधायला शिकायचं आहे. बेरीज-वजाबाकी, सम, इफ एवढं येतं. सुरुवात कुठून करू?

डोंबिवलीकर

ताई, बँकेला फक्त कागद हवा असतो. सीएकडून करून घ्या आणि तुम्ही धंद्याकडे लक्ष द्या, असं माझं प्रामाणिक मत.

आकडेमोड

डोंबिवलीकर, बँकेचा कागद सीए करतीलच, करू द्या. पण ताईंनी विचारलेले दोन्ही प्रश्न धंद्याचेच आहेत, आणि त्यांची उत्तरं ज्याला भाजणी कशी उतरते हे माहीत आहे त्यालाच देता येतील.

मी नोकरीत हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाजणीवाली ताई, सगळ्यात आधी तो १५ टक्क्यांचा सेल पुसून टाका. विक्री किती वाढेल हे गृहीतक नव्हे, ते उत्तर आहे. गृहीतक म्हणजे तुम्हाला मोजता येईल अशी गोष्ट: गिऱ्हाइकं किती, एक घर सरासरी किती किलो नेतं, एका कढईवर दिवसाला किती चकली निघते, किलोला भाव काय. अशा चार-पाच मोजण्याजोग्या गोष्टींच्या गुणाकारातून विक्रीचा आकडा बाहेर पडला पाहिजे. मग कोणी विचारलं की 'एवढी विक्री कशी होईल?', तर बोट ठेवायला जागा असते.

फाइलमध्ये तीनच शीट ठेवा. पहिल्या शीटवर फक्त गृहीतकं. प्रत्येकाच्या शेजारी एकक (रुपये प्रति किलो, दिवस, टक्के) आणि तो आकडा कुठून आला ते लिहायचं: 'गेल्या दिवाळीची वही', 'किराणा दुकानदाराचा जानेवारीचा भाव', 'माझा अंदाज'. हा शेवटचा कॉलम लोक गाळतात, आणि सहा महिन्यांनी त्यांची स्वतःचीच फाइल त्यांना परकी होते. दुसऱ्या शीटवर महिन्यांप्रमाणे हिशोब. तिसऱ्यावर निष्कर्ष, बँकेला दाखवायचे. हाताने भरलेले आकडे निळ्या अक्षरात, फॉर्म्युले काळ्या. ही रंगांची रीत जगभर पाळली जाते. तुमची फाइल सीएंनी उघडली तर कुठल्या आकड्याला हात लावायचा, हे त्यांना न विचारता कळेल.

आणि हिशोबाच्या शीटवर एकाही फॉर्म्युल्यात हाताने टाइप केलेला आकडा नको. तेलाचा भाव गृहीतकांच्या शीटवर एकाच सेलमध्ये असेल, बाकी सगळीकडे त्याचा संदर्भ. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिजिकॅल्क, म्हणजे एक्सेलचा पूर्वज, बाजारात आणलं ते ह्याचसाठी. ब्रिकलिन हार्वर्डला शिकत असताना फळ्यावरच्या गणितात एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा मांडावे लागत. तो एक आकडा बदलल्यावर बाकीचे आपोआप बदलले नाहीत, तर कागद-पेन्सिल काय वाईट?

निशिगंध

वाचनखूण साठवली. माझ्या नवऱ्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, आमच्याही कामाचं आहे हे.

भाजणीवाली

आकडेमोड दादा, खूप आभार. चकलीचं लगेच मांडून पाहिलं. गेल्या दिवाळीला १,०५० किलो गेली. आमच्या तीन कढया. एका कढईवर दोघी जणी दिवसाला साधारण २५ किलो काढतात. चकली फार आधी तळून ठेवत नाही, त्यामुळे दिवाळीआधीचे १६ दिवसच मिळतात.

म्हणजे ३ गुणिले २५ गुणिले १६, फक्त १,२०० किलो. आणि त्या तयार तक्त्यात १५ टक्के वाढीने पहिल्याच वर्षी १,२०७ किलो होतात आणि दुसऱ्या वर्षी १,३८९! आमच्याकडून एवढी निघूच शकत नाही.

आकडेमोड

हेच. आता विक्रीच्या ओळीत 'मिन' वापरा: मागणी आणि क्षमता यांतला जो लहान आकडा, ती विक्री. मागणी १,३८९ असली तरी फाइल १,२०० च धरेल, आणि चौथी कढई कोणत्या वर्षी लागणार हे तुम्हाला आधीच दिसेल. कर्ज यंत्रासाठीच घेताय ना? मग यंत्र आल्यावर २५ चे किती होतात, हा तुमच्या सबंध फाइलमधला सर्वांत महत्त्वाचा निळा आकडा. यंत्र विकणारा सांगतो तो आकडा घेऊ नका. ज्यांच्याकडे ते यंत्र चालू आहे त्यांच्याकडे जाऊन एक दिवस उभं राहा, वजन करा आणि तो आकडा लिहा. यंत्र वाढलं तरी तळणाऱ्या जणी तेवढ्याच राहिल्या तर अडचण कढईवरून माणसांवर सरकते, तीही ओळ धरा.

सह्यवारा

एक्सेल २०१६ पासून 'फोरकास्ट शीट' नावाचं बटण आहे. मागच्या तीन-चार वर्षांची महिनावार विक्री द्या, ते हंगाम ओळखून पुढचा अंदाज आलेखासकट काढतं. डेटा टॅबवर आहे. एवढं सगळं हाताने कशाला?

भाजणीवाली

सह्यवारा, करून पाहिलं. २०२२ पासूनची महिन्यांची विक्री दिली. येत्या वर्षीही ते ऑक्टोबरमध्येच मोठा डोंगर दाखवतंय. पण २०२६ ची दिवाळी नोव्हेंबरात आहे ना?

आकडेमोड

ताई, अगदी नेमक्या ठिकाणी बोट ठेवलंत. सह्यवारा, ते साधन चांगलं आहे, त्यामागे एक्स्पोनेन्शियल स्मूदिंगची (जुन्यापेक्षा ताज्या आकड्यांना जास्त वजन देण्याची) पद्धत आहे. वर्षभर वह्या-पेन विकणाऱ्या दुकानाला ते उपयोगी पडेल. पण त्याला बारा महिन्यांचं चक्र कळतं, आपला धंदा पंचांगावर चालतो. लक्ष्मीपूजन बघा: २०२२ मध्ये २४ ऑक्टोबर, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबर, २०२४ मध्ये १ नोव्हेंबर, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबर, २०२६ मध्ये ८ नोव्हेंबर. गेल्या वर्षीपेक्षा १८ दिवस पुढे. 'ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना' केली तर २०२६ मध्ये धंदा बुडालाय असं वाटेल, आणि नोव्हेंबर पाहून चौपट वाढलाय असं.

उपाय सोपा आहे. गृहीतकांच्या शीटवर एक छोटा तक्ता करा: वर्ष आणि त्याची लक्ष्मीपूजनाची तारीख. मग विक्रीच्या प्रत्येक नोंदीपुढे एक कॉलम घाला. पोच दिल्याची तारीख वजा त्या वर्षीचं लक्ष्मीपूजन, भागिले सात, आणि त्यावर 'इंट' (अपूर्णांक खालच्या पूर्ण आकड्यावर आणणारं फंक्शन). दिवाळीच्या आधीचा आठवडा 'उणे १' होईल, त्याच्या आधीचा 'उणे २'. आता 'सम-इफ्स' (अटीत बसणाऱ्या नोंदींचीच बेरीज) लावून प्रत्येक वर्षाची विक्री ह्या आठवड्यांत गोळा करा. वर्षावर्षांचे आकडे एकमेकांशेजारी बसतील, कारण गिऱ्हाईक दिवाळीला किती दिवस उरलेत ते बघतं, महिना बघत नाही.

२०२५ मध्ये 'उणे १' म्हणजे १४ ते २० ऑक्टोबर. २०२६ मध्ये तोच आठवडा १ ते ७ नोव्हेंबर. अंदाज आठवड्यांत करायचा आणि मग तो खऱ्या तारखांवर नेऊन टाकायचा. तेल-बेसन कधी भरायचं, मदतीला बायका कधीपासून बोलवायच्या, कंपन्यांना डब्यांचे नमुने कधी दाखवायचे, सगळं त्यावरून ठरतं.

तारखेबद्दल एक खबरदारी. संगणकाची सेटिंग अमेरिकी असेल तर ८/११/२०२६ असं लिहिलेलं तो ११ ऑगस्ट समजतो, आणि काही चूकही दाखवत नाही. 'डेट' फंक्शनमध्ये वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे द्या. विंडोजची सेटिंग भारताची केलीत की एक्सेलमध्ये स्वल्पविरामही लाख-कोटींप्रमाणे पडतील.

निशिगंध

गणपतीच्या मखरांच्या ऑर्डरींना आम्हाला हे जसंच्या तसं लागू पडेल. कधी ऑगस्टच्या शेवटी, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. आजच तक्ता करते.

कोल्हापुरी_मसाला

ताई, अनारसे करता म्हणालात ना? मग अधिक महिनाही धरा. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ येतोय, १७ मे ते १५ जून. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायची रीत अजून पुष्कळ घरांत आहे, आणि आता ते घरी कोणी करत नाही. २०२४ आणि २०२५ च्या आकड्यांवरून अंदाज बांधलात तर मे-जूनमध्ये अनारसे जवळपास शून्य दिसतील.

भाजणीवाली

अगदी खरं! २०२३ ला त्या महिन्यात फोन थांबत नव्हते. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, मग गूळ घालून पीठ मुरवायचं, त्यामुळे ऐन वेळी वाढवताही येत नाही. एक वेगळी ओळच करते.

बँकेतले_काका

निवृत्त बँक अधिकारी आहे. कर्जाचे पुष्कळ अर्ज पाहिलेत, म्हणून बँक काय बघते ते सांगतो.

पहिलं, डीएससीआर, म्हणजे कमाईतून कर्जाचे हप्ते किती सहज भरले जातील ते सांगणारं गुणोत्तर. निव्वळ नफा, अधिक घसारा (यंत्रांची दरवर्षी घटणारी किंमत), अधिक कर्जाचं व्याज, ह्या बेरजेला त्या वर्षीच्या हप्त्यांच्या रकमेने (मुद्दल आणि व्याज) भागायचं. उदाहरण घ्या: १० लाख कर्ज, ११ टक्के, ५ वर्षं. हप्ता काढणारं 'पीएमटी' फंक्शन वापरलंत तर महिन्याचा हप्ता २१,७४२ रुपये येईल, वर्षाचे साधारण २ लाख ६१ हजार. व्याजदर बाराने भागून द्या आणि कालावधी ६० लिहा. पहिल्या वर्षीच्या हप्त्यांत व्याज साधारण १ लाख २ हजार असतं. नफा २ लाख १० हजार आणि घसारा ६० हजार धरला तर बेरीज ३ लाख ७२ हजार, गुणोत्तर १.४२ च्या आसपास. पास होण्यासारखं.

आता दिवाळीची विक्री १० टक्के कमी करून बघा. समजा ९ लाखांच्या विक्रीत ९० हजार कमी झाले. कमी माल घेतल्यामुळे ४६ हजार वाचले, तर गुणोत्तर १.२६ वर येतं. पण माल आधीच भरलेला असेल आणि तो वाया गेला, तर सगळे ९० हजार नफ्यातून जातात आणि गुणोत्तर १.०८. म्हणजे तुमच्या धंद्यात विक्री घटण्यापेक्षा जास्त माल भरण्याचा धोका मोठा आहे. चांगला अधिकारी हेच विचारतो, आणि उत्तर तुमच्या फाइलमध्ये तयार असेल तर त्याचा तुमच्यावरचा विश्वास वाढतो.

दुसरं, खेळतं भांडवल, म्हणजे माल, मजुरी अशा रोजच्या खर्चाला लागणारा पैसा. लहान उद्योगांना रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीच्या पद्धतीने त्याची कर्जमर्यादा ठरते: अपेक्षित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के गरज धरतात, त्यातले विक्रीच्या २० टक्के बँक देते, ५ टक्के तुमचे. त्यामुळे विक्री फुगवून दाखवायचा मोह होतो. तसं करू नका. वर्षअखेरीला जीएसटीच्या विवरणपत्रांशी आकडा ताडला जातो, आणि पुढच्या वर्षी नूतनीकरण अवघड होतं.

तिसरं, पीएमएफएमईतून (सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना) मंजुरी मिळाली असेल तर अनुदान प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. पण ते तुमच्या हातात पडत नाही. बँकेत वेगळ्या खात्यात तीन वर्षं राहतं, कर्ज नियमित असेल तर नंतर वळतं होतं. पुष्कळ जण ते पहिल्याच महिन्यात जमेला धरतात आणि सगळी फाइल चुकीची होते.

भाजणीवाली

काका, किती स्पष्ट सांगितलंत. एक विचारू का? नफा दिसतो, पण दिवाळीआधी उसने पैसे घ्यावेच लागतात. हे फाइलमध्ये कुठे दिसतं?

आकडेमोड

काकांच्याच ९ लाखांच्या विक्रीवर करून दाखवतो. तुमचे आकडे नंतर घाला.

घरगुती गिऱ्हाइकांची विक्री ५ लाख ४० हजार, कंपन्या आणि दुकानांची ३ लाख ६० हजार. घरगुती गिऱ्हाइकं ऑर्डर देताना १० टक्के देतात, बाकी पोच मिळाल्यावर. कंपन्या ४५ दिवसांनी. खर्च: किराणा ४ लाख, डबे आणि पिशव्या ६० हजार, गॅस ३० हजार, मजुरी १ लाख २० हजार, पोचवण्याचे २० हजार. एकूण ६ लाख ३० हजार. नफा २ लाख ७० हजार.

आता हेच पैसे ज्या महिन्यात हलतात तिथे मांडा. ऑक्टोबर २०२६: किराणा, डबे, गॅस आणि मजुरीतले ७० हजार मिळून ५ लाख ६० हजार बाहेर. आत फक्त आगाऊ आलेले ५४ हजार. महिनाअखेर खड्डा ५ लाख ६ हजार. नोव्हेंबर: ४ लाख ८६ हजार आत, ७० हजार बाहेर. खड्डा ९० हजारांवर. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कंपन्यांचे ३ लाख ६० हजार आले की २ लाख ७० हजार शिल्लक.

नफा तोच आहे. पण ऑक्टोबरअखेरचे ५ लाख ६ हजार हा आकडा नफा-तोट्याच्या तक्त्यात कुठेच येत नाही. तुमच्या मर्यादेचा अर्ज त्या आकड्यावर हवा. म्हणून प्रत्येक प्रकारच्या गिऱ्हाइकासमोर 'पैसे किती दिवसांनी' हा निळा आकडा ठेवा, आणि वसुलीची तारीख त्यावरून काढा. आगाऊ रक्कम १० ऐवजी ३० टक्के करून बघा: खड्डा १ लाख ८ हजारांनी कमी होतो. बँकेकडे जाण्याआधी हे गिऱ्हाइकांशी बोलून मिळतंय का ते पाहणं स्वस्त.

बँकेतले_काका

आणि उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, असं २००६ चा एमएसएमई विकास कायदा सांगतो. मुदत उलटून वर्षअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत, तर प्राप्तिकरात कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा. पण फाइलमध्ये ४५ च्या जागी ६० दिवस घालूनही एकदा बघा.

सह्यवारा

मान्य, पंचांगाचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. जीएसटीचा दरही गृहीतकांत ठेवा. पाकीटबंद चिवडा-चकलीवर १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला. तारीख आणि दर असा तक्ता ठेवला तर जुने महिने जुन्या दराने राहतील.

आकडेमोड

चांगली सूचना. आणि विक्रीच्या ओळीत कर मिळवू नका, तो आपला नाही. रोकडीच्या ओळीत मात्र धरा, कारण तो महिनाभर आपल्या खात्यात असतो आणि पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जातो.

शेवटी तपासणी. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ ह्या नामवंत अर्थतज्ज्ञांच्या सरकारी कर्जावरच्या निबंधामागच्या एक्सेल फाइलमध्ये सरासरीच्या रेंजमधून पाच देश सुटले होते. जगभर त्या निबंधाचा हवाला दिला जात होता. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन ह्या विद्यार्थ्याने मूळ फाइल मागवून ते दाखवलं. आपल्या फाइलला कोणी हर्नडन मिळत नाही, म्हणून ते काम फाइलकडूनच करून घ्यायचं. प्रत्येक शीटच्या वर एक ओळ ठेवा: बारा महिन्यांची बेरीज आणि वर्षाचा आकडा यांतला फरक शून्य आहे का, रोकडीची शेवटची शिल्लक पासबुकाशी जुळते का. शून्य नसेल तर तो सेल लाल व्हावा.

भाजणीवाली

चौथी कढई, साठ दिवस, तीस टक्के आगाऊ, सगळं घालून बघतेय. एक अडलंय. अनारशांना अधिक महिन्याचा माझ्याकडे २०२३ चा एकच आकडा आहे. एकाच आकड्यावरून २०२६ चा अंदाज कसा काढू?

आकडेमोड

एकच आकडा काढू नका. तीन काढा: कमी, मध्यम, जास्त, आणि वरच्या एका सेलमधल्या ड्रॉपडाउनने 'चूज' फंक्शन (दिलेल्या क्रमांकाचा पर्याय उचलणारं) लावून बदलता येतील असे ठेवा. 'मध्यम' साठी २०२३ ची घरं मोजा, किलो नव्हे. त्यांतली किती घरं गेल्या दिवाळीलाही तुमच्याकडे आली ते बघा, तेवढी घरं नक्की धरा. 'कमी' म्हणजे फक्त तीच. 'जास्त' मध्ये पीठ मुरवायच्या तुमच्या डब्यांची क्षमता ही कमाल मर्यादा.

कोल्हापुरी_मसाला

आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत त्या घरांना व्हॉट्सॲपवर विचारून टाका, तेहतीस हवेत का सहासष्ट. जी घरं हो म्हणतील त्यांचा आकडा अंदाजातून काढून ऑर्डरच्या ओळीत टाका.

भाजणीवाली

२०२३ च्या ऑर्डरी वहीत सापडल्या, ७४ घरं. त्यांतली ४१ गेल्या दिवाळीला आलेली आहेत. 'कमी' च्या रकान्यात ४१ टाकले. आता यादी करून निरोप पाठवायला घेते.